बाराची काडी दोन बोटं लांब

घड्याळजी म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस वेळेचा पक्का असणार. आमच्या घरी येऊन विचारा. दौंड स्टेशनच्या समोर उभी हयात काढूनही मी किती गाड्या चुकवल्या, ते बेगम आल्यागेल्याला अजून सांगते. हलवाई मिठाईकडे बघत नाही, तसा घड्याळजी घड्याळाकडे बघत नाही. तो ते ऐकतो. समोरच्या माणसाशी बोलत असतानाही त्याचा एक कान भिंतीकडे असतो, कुठलं मशीन दमलंय, कुठलं लंगडतंय, ते टिपत.

दुकान वडिलांचं. आता तिथं माझा मुलगा मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो. कोपऱ्यात एक टेबल त्याने माझ्यासाठी राखून ठेवलंय. म्हातारा घरी बसून कटकट करण्यापेक्षा तिथं बसलेला बरा, असा त्याचा आणि सुनेचा एकमताने ठराव झालाय. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, लिहा की. तसंही दिवसभर गिऱ्हाइकांना तेच ऐकवता." म्हणून लिहितोय. मनगटी घड्याळांचं लिहीत नाही, त्यांच्या नुसत्या तक्रारी. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळांचं लिहितो, आणि त्यातही एकाच जातीचं. काड्यांच्या घड्याळाचं.

नव्या पिढीसाठी सांगायला हवं. मधे लहानशी गोल तबकडी आणि तिच्या चहूबाजूंनी निघालेल्या बारा लांब काड्या, लाकडाच्या नाहीतर पितळेच्या. लहान पोर सूर्य काढतं तसं. तबकडीवर आकडे नाहीत. पेटी नाही, काचेचं दार नाही, लंबक नाही. त्याच्या आधी भिंतीवरचं घड्याळ म्हणजे एक उभं कपाटच असायचं, वर नक्षीचा मुकुट आणि आत लंबक. साहेबलोकांच्या घरांत मग ही उघडीवाघडी घड्याळं आली. वडील त्यांना 'बनियनवरचं घड्याळ' म्हणत.

आत मशीन मात्र तेच. एक मोठी कमान असते, ती चावीने आवळायची. आठ दिवस ती हळूहळू सुटत राहते आणि तिला एकदम सुटू न देणं एवढंच सगळ्या चाकांचं काम. चाकांच्या टोकांना तेलाचा ठिपका लागतो, टाचणीच्या डोक्याएवढा. लोक काय करतात? कवठे येमाईचे एक बागायतदार दर थंडीत घड्याळ घेऊन यायचे. "सकाळी बंद पडतंय आन् दुपारी आपसूक चालू व्हतंय." दौंडला पोचेपर्यंत दुपार झालेली असायची, म्हणजे दुकानात ते चालायचंच. "तुमाला भितंय ते," असं म्हणून घेऊन जायचे. शेवटी एकदा मी मागचं झाकण उघडलं, तर आतून घमघमाट. त्यांच्या मंडळींनी डोक्याला लावता लावता चार बोटं खोबरेल घड्याळालाही लावलं होतं. थंडीत ते थिजायचं, उन्हं वर आली की पातळ व्हायचं. घड्याळाची चूक काहीच नव्हती.

असो. मला सांगायचंय ते यशवंत मिस्त्रींचं.

त्यांची माझी गाठ पडली ती रेल्वे कॉलनीत. एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेबांच्या बंगल्यावर असं काड्यांचं घड्याळ होतं आणि ते थांबलं होतं. वडिलांनी मला बरोबर नेलं होतं, मला मिसरूड नुकतं फुटलेलं. त्याच खोलीत एक तरुण सुतार सोफ्याचा पाय बसवत होता. शिरूरचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. आम्ही घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं तसा तो हातातली पटाशी तशीच धरून उठून आला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्याला आकडं का न्हाईत?"

वडील म्हणाले, "साहेबलोकांचं आहे बाबा. त्यांना पाठ असतील."

तो हसला नाही. घडीची पट्टी काढून त्याने काड्या मोजल्या, लाकडाला नख लावून बघितलं, घड्याळ भिंतीवर परत चढलं तेव्हा खोलीच्या चार कोपऱ्यांत उभं राहून बघितलं. काही महिन्यांनी तोच माणूस आमच्या दुकानात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उतरला. उघडलं तर काड्यांचं घड्याळ, पण बंगल्यावरच्यासारखं नाही. तबकडी सागवानाची, वाटीसारखी किंचित आत दबलेली. काड्या टोकाकडे निमुळत्या, एक सागाची, एक पितळेची. बंगल्यावरचं घड्याळ दिमाखदार होतं. हे शांत होतं. मधे मशीनपुरतं भोक. "ह्यात जीव घालून दे," तो मला म्हणाला. वडिलांना नाही, मला. तेव्हापासून मी त्यांना मिस्त्री आणि तुम्ही म्हणत आलो, आणि ते मला बशीर आणि तू.

मिस्त्रींच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यावर गावकीचं काम सोडलं आणि पोराला हुन्नर शिकायला पाठवायचं ठरवलं. गावातल्या सुताराने शिकवायला नकार दिला, म्हणून पोरगा पुण्यात एका कारखान्यात शिकला. मिस्त्री त्याचं वाईट वाटून घेत नसत. उलट छाती काढून सांगत, "मला कुनी वारशानं काय दिलं न्हाई. ना येलबुट्टी, ना मोर, ना पोपट. म्हून माजं काम कुनासारखं न्हाई." त्यांच्या कामात खरोखरच एक मोर सापडायचा नाही. रेल्वेच्या जुन्या डब्यांचं सागवान लिलावात निघे, ते मी दौंडहून एसटीच्या टपावर टाकून शिरूरला धाडायचो. आयुष्यभर हिंडलेलं लाकूड आहे, आता वाकणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, आकड्यांवरून. मी दुकानदार माणूस. गिऱ्हाईक आत आलं की पहिलं हेच विचारायचं, ह्याला आकडे का नाहीत? मी मिस्त्रींना म्हणायचो, निदान बारा, तीन, सहा, नऊ तरी घाला. त्यांचं उत्तर ठरलेलं. "बशीर, आकडं ठेसनात पायजेत. तितं गाडी गाठायची असती. घरात कुटली गाडी गाठायचीय? घरात मानसानं येळ बगावी, मोजू न्हाई." गिऱ्हाइकांनाही ते हेच सांगायचे, दरवेळी नव्याने सुचल्यासारखं. निम्मी गिऱ्हाइकं निघून जायची. उरलेली निम्मी मात्र घड्याळ घेऊनच जायची.

मग ते लग्नाच्या आहेरात शिरलं आणि आमचं बरं चालू लागलं. शिरूरपासून चौफुल्यापर्यंत कुणाच्या सोप्यात गेलं तरी एखादं दिसायचं. पण आहेर म्हटला की देणाऱ्याचं नाव आलं. मामाकडून सप्रेम भेट, हे तबकडीवर तांबड्या रंगात नको का? मिस्त्री म्हणाले, नको. नाव नाही तर आहेर पाण्यात, असं लोक म्हणाले. तोडगा म्हणून नाव पाठीमागे लिहायचं ठरलं. मग मांडवात मामा लोक घड्याळ उलटं धरून सगळ्यांना पाठ दाखवत फिरायचे आणि मिस्त्री जेवणाच्या पंगतीत डोक्याला हात लावून बसायचे.

वरवंडच्या आप्पांची गोष्ट तर आमच्या दोघांच्या आयुष्यात सांगून सांगून गुळगुळीत झाली. दिवाळीच्या आधी त्यांच्या घराला रंग दिला. रंगाऱ्याने घड्याळ उतरवलं आणि परत लावताना मागची अडकवायची कडी काही त्याला दिसली नाही. त्याने सरळ दोन काड्यांची बेचकी खिळ्यावर अडकवली. एक काडी सरळ वर येईल असं बसवताना घड्याळ एका काडीने फिरलं. आकडे असते तर कुणाच्याही ध्यानात आलं असतं. इथं काय, सगळ्या काड्या सारख्याच लांब! घड्याळ बिनचूक चालत होतं, फक्त एक तास आणि वर पाच मिनिटं पुढे. अख्खं घर त्यावर चाललं. म्हशी तासभर आधी पिळायला बसल्या की पाय झाडायच्या, पोरं शाळेत जाऊन बंद फाटकासमोर बसायची. आणि एका लग्नाला ही मंडळी पोचली तर मांडवात फक्त आचारी. आप्पा संतापून दुकानात आले. "आमच्या घराण्यात लग्नाला येळंवर कुनी गेलं न्हवतं, तुमच्या घड्याळानं आदी नेलं! लोक म्हनले, आप्पाला जेवायची लई घाई."

मी पोट धरून हसलो. मिस्त्रींना जाऊन सांगितलं, तर ते हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी कामाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला म्हणून गेलो. भिंतीवर नवं घड्याळ होतं आणि त्यात बाराची काडी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं लांब होती. बस, तेवढंच. पण नजर आपोआप तिथं जायची आणि वर कुठं, ते लगेच कळायचं. आकडा न घालता त्यांनी बारा वाजवले होते. "तुझं बी झालं आन् माजं बी," ते म्हणाले. त्या काडीला आम्ही 'शेंडी' म्हणायचो. त्यानंतर शेंडीशिवाय एकही घड्याळ त्यांच्या हातून बाहेर पडलं नाही. विकून झालेल्यांपैकी जी जवळपास होती, तीही त्यांनी गावोगाव हिंडून परत आणली आणि काडी बदलून दिली. शेंडी ही त्यांची सही होती म्हणा.

पुढे सेलवरची प्लास्टिकची घड्याळं आली. पाडव्याला दुकानदार फुकट वाटू लागले. मिस्त्री दारं करू लागले, मग स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. मी सेल बदलू लागलो. घड्याळजीने सेल बदलणं म्हणजे वैद्याने बिस्किटं विकणं, पण पोट कुणाला चुकलंय. शिरूरच्या त्यांच्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या खोलीत, सणासुदीला एखादं घड्याळ व्हायचं, हौसेचं. मी जाऊन मशीन बसवायचो, कमलवहिनींच्या हातची भाकरी खायचो, शेवटच्या गाडीने परत यायचो. तीही बऱ्याचदा चुकवायचो.

आणि मग अगदी अलीकडे, पुण्याहून एक मुलगी मोटार घेऊन आली. घरं सजवून देण्याचा तिचा व्यवसाय. मिस्त्रींचं एक घड्याळ तिला जुन्या बाजारात मिळालं होतं. ती त्याला 'मिड सेंच्युरी मॉडर्न' म्हणत होती. मिस्त्रींनी मला विचारलं, म्हंजी काय? मी म्हटलं, शतकाच्या मधलं, तरीही नवं. मिस्त्री विचारात पडले. म्हणाले, "म्हंजी आपुन शतकाच्या मदी व्हतो व्हय? कुनी सांगितलं बी न्हाई." तिला आणखी घड्याळं हवी होती, मात्र मशीन सेलचं. तिच्या गिऱ्हाइकांना टिकटिक झोपू देत नाही म्हणे. मला राग आला. मिस्त्री मात्र पोरासारखे खूश झाले. त्या रात्री त्यांनी मला फोन करून आकड्यांवरचं सगळं भाषण पुन्हा ऐकवलं. सकाळी पुन्हा फोन केला आणि तेच भाषण पुन्हा ऐकवलं. मला वाटलं, आनंद झालाय माणसाला.

तो आनंद नव्हता.

कमलवहिनी गेल्यापासून मिस्त्री शिरूरला एकटेच होते. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा सणसवाडीच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे, तिथंच फ्लॅट घेऊन राहते. दर रविवारी ती बापाकडे यायची. एका रविवारी ती आली तर कारखान्यातून धूर. मिस्त्री अजूनही लाकूड चिकटवायला सरस वापरत, तो शेगडीवर वितळवावा लागतो. शेगडी पेटती ठेवून ते एसटी स्टँडवर जाऊन बसले होते. कुठं निघालात विचारलं तर म्हणाले, बशीरकडं. कशाला, ते आठवेना. मग एकदा करवतीच्या मशीनवर अंगठा थोडक्यात वाचला. मग शेजारणीला कमल अशी हाक मारली. प्रज्ञाने ठरवलं की बापाला सणसवाडीला न्यायचं आणि कारखान्याला कुलूप लावायचं.

मिस्त्रींनी मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा बापलेकीचं वाजलेलं होतं. प्रज्ञा ओट्याला टेकून उभी होती, डोळे लाल.

"चाचा, मला काय हौस आहे का यांचा कारखाना बंद करायची?" ती म्हणाली. "माझं बालपण त्या भुशात गेलंय. पण उद्या हात गेला तर? आग लागली तर?"

मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले, "बशीर, सरस तर जवानीत बी ऊतू जायचा. आता गेला तर म्हातारा येडा झाला म्हनत्यात. कुलूप लावलं तर मी ऱ्हात न्हाई बग. तू सांग तिला. माजं डोकं ठिकानावर हाय."

मी सांगितलं. पोटतिडकीने सांगितलं. विसरायला काय मीही विसरतो, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. प्रज्ञाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुण्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्ही बरोबर चला. तुम्ही यांना माझ्याहून जास्त ओळखता. तिथं बघून तुम्ही म्हणालात की हे बरे आहेत, तर मी कुलपाचं नाव काढणार नाही."

मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या मते निकाल तिथंच लागला होता. खरं सांगायचं तर माझ्याही मते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी आधी वार विचारला, गावाचं नाव विचारलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. काही जमलं, काही नाही. मी मनात म्हणत होतो, तीन शब्द माझ्याही ध्यानात राहिले नसते. मग त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. "आजोबा, इथं एक घड्याळ काढा. सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

मी आणि प्रज्ञा एकमेकांकडे बघून हसलोच. अहो, कुणाला घड्याळ काढायला सांगताय!

मिस्त्रींनी पेन्सिल धरली आणि एका दमात गोल काढला. कंपासनेही निघणार नाही असा. मग काड्या काढू लागले. टोकाकडे निमुळत्या, एक जाड, एक बारीक. हात जरासुद्धा हलत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आकडे?"

"आकडं न्हाईत," मिस्त्री म्हणाले, आणि गोड हसले.

बाईंनी बाजूला काहीतरी टिपायला घेतलं, तसा मी उठलोच. म्हटलं, बाई, थांबा, ते चुकलेले नाहीत. मोबाइल काढला, मिस्त्रींच्या घड्याळांचे फोटो दाखवले. हा माणूस आयुष्यभर बिनआकड्यांची घड्याळं करत आला. आकडे घातले असते तर मी म्हटलं असतं की याचं डोकं फिरलंय! माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. बाईंनी एकही शब्द न तोडता सगळं ऐकलं. प्रत्येक फोटो नीट बघितला. "सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "मग तसंच असू दे. आजोबा, तुमच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं करा."

मिस्त्रींनी काटे काढले. अगदी त्यांचेच काटे, मधे किंचित फुगीर. काढून झाल्यावर त्यांनी पेन्सिल आडवी ठेवली आणि काम संपल्यावर झटकत तसे हात झटकले.

बाईंनी कागद उचलला. आधी असा धरला, मग तसा. मग माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या आवाजात कसलाही टोमणा नव्हता, त्या खरोखरच विचारत होत्या. "काका, तुम्हाला यातलं कळतं. यात वरची बाजू कुठली?"

मी शेंडी शोधली.

कागदावर शेंडी नव्हती. सगळ्या काड्या सारख्या लांबीच्या होत्या.

मी कागद फिरवला. एखादी काडी वर धरली तर अकरा दहा वाजतात का, ते बघत होतो. नाही वाजले. पुढची काडी वर धरली. नाही. तसा तो कागद मी पुरता गोल फिरवला. कुठूनही अकरा दहा वाजेनात. मिस्त्री माझ्याकडे विश्वासाने बघत होते. मी डोकं वर केलं तेव्हा प्रज्ञा माझ्याकडेच बघत होती. तिला शेंडी माझ्याइतकीच ठाऊक होती, लहानपणी त्या काड्यांना पॉलिश मारायला तीच बसायची.

"बाई," मी म्हणालो, "मला नाही सांगता येत."

तेवढं म्हणायला मला जे बळ लागलं, ते मला आयुष्यात कुठल्या कामाला लागलं नाही.

येताना मोटारीत मिस्त्री मागे माझ्याशेजारी बसले. खुशीत होते. वाघोलीच्या पुढे कोपराने ढोसून हळूच म्हणाले, "बशीर, पास झालो न्हवं?"

"झालात की, मिस्त्री," मी म्हणालो. प्रज्ञाने पुढच्या आरशात माझ्याकडे बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली.

कारखान्याला कुलूप मीच लावलं. प्रज्ञाच्याने होईना. पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या, करवतीची वायर काढून घेतली, शेगडी शेजारच्यांना देऊन टाकली. एक घड्याळ अर्धवट होतं, काड्या कापून ओळीने मांडलेल्या. त्यात शेंडी आहे का, ते बघायचा मला धीर झाला नाही. त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि बाहेर आलो. मिस्त्री अंगणात खुर्चीवर बसले होते. मी कुलूप ओढून बघितलं तसे म्हणाले, "दोनदा वडून बग. त्या कुलपाचा भरवसा न्हाई."

भिंतीवरचं एक घड्याळ मात्र प्रज्ञाने बरोबर घेतलं. आप्पांच्या त्या घोटाळ्यानंतर केलेलं, शेंडीवालं पहिलं. ते आता सणसवाडीच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर आहे. खाली कंपन्यांच्या बसगाड्यांचे भोंगे, जिन्यात भाड्याने राहणाऱ्या पोरांची हिंदी, आणि वर हे. आठ दिवसांची चावी म्हणजे आठवड्याला एक फेरी आली. चावी प्रज्ञाही देऊ शकते, दोन मिनिटांचं काम. पण रविवार आला की ती सकाळीच फोन करते, "चाचा, चावी संपत आली." मी जातो. आता गाडी चुकवत नाही.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा मिस्त्री सोफ्यावर बसून मान वर करून घड्याळाकडे बघत होते. प्रज्ञा आत चहा टाकत होती. मी खुर्ची ओढून तिच्यावर चढलो, मोठ्या काट्याखाली चावी लावली. मागून त्यांचा आवाज आला.

"ह्याला आकडं का न्हाईत?"

मी वळलो. रेल्वेच्या बंगल्यावर पटाशी हातात धरून उभा असलेला तो तरुण सुतार, तोच आवाज. तेव्हा वडिलांनी थट्टा केली होती. आता वडील नाहीत, तो बंगला नाही. मी चावी तशीच धरून, त्यांच्याच चालीवर सांगितलं, "आकडं ठेसनात पायजेत. तितं गाडी गाठायची असती. घरात कुटली गाडी गाठायचीय? घरात मानसानं येळ बगावी, मोजू न्हाई."

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना ते फार पटलं. "आन् ती एक काडी लांब?"

"वर कुठं, ते कळावं म्हणून."

"कुनाचं डोकं हे?"

"ज्यानं केलं त्याचं."

"शाना मानूस दिसतोय." मग माझ्याकडे वळून, परक्या माणसाशी बोलावं तसं आदबीने म्हणाले, "हाय का तो आजून?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी परक्यासारखं विचारलं नव्हतं. आतल्या खोलीत कपबश्यांचा आवाज थांबला.

"हाय," मी म्हणालो.

"मग एकदा गाठ घालून द्या की आमची," मिस्त्री म्हणाले. "तुमाला जमंल तवा."

मी भिंतीकडे तोंड केलं आणि चावी देत राहिलो, कमान पुरती भरेपर्यंत.